नाल्याची वेळ

पहाटे 4.15

गजर वाजायच्या आधीच जाग येते. तंबूबाहेर मिट्ट काळोख आहे आणि त्यात चंद्रा नदीचा अखंड घोष. पडल्या पडल्या मी तो घोष बाजूला सारून पलीकडचा नाला ऐकायचा प्रयत्न करतो. काल संध्याकाळी तो गुरगुरत होता. मधूनच पोटातून ‘गडम्‌’ असा दबका आवाज येई. पाण्याखालून गडगडत जाणारे धोंडे एकमेकांवर आपटले की असा आवाज होतो. आता नुसती खळखळ आहे, धोंडे थांबलेत. म्हणजे उठायला हरकत नाही.

आम्ही छत्रूला आहोत, हिमाचलातल्या लाहौलमध्ये, साधारण 3,300 मीटरवर. मनाली-काझा रस्ता इथून चंद्रेच्या काठाकाठाने बातलपर्यंत जातो आणि मग 4,551 मीटरवरची कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत उतरतो. छत्रू ते बातल हे अंतर जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर, पण त्याला तीन तास धरायचे. वरच्या हिमनद्यांचं पाणी घेऊन येणारे नाले इथे रस्त्याखालून जात नाहीत, रस्त्यावरून जातात. रुंदीकरण चालू आहे, कुठे कुठे मोऱ्या होताहेत, पण जुलैतला नाला मोरीला जुमानतोच असं नाही.

हौशी लोकांच्या गाड्या या पाण्यातून पार नेणं हे माझं काम. गाड्या त्यांच्या, चालवणारेही तेच. जबाबदारी तेवढी माझी.

पहाटे 5.00

एका हातात चहा, दुसऱ्या हातात टॉर्च. पाचही गाड्यांची बॉनेट उघडी.

वायरलेसवर आम्ही कुणाचं नाव घेत नाही, नंबर घेतो. एक नंबर माझी गुरखा. दोन नंबर ठाण्याचे निवृत्त काका आणि काकू, ऑटोमॅटिक थार. तीन नंबर कोल्हापूरचे डॉक्टर, डिझेल थार. चार नंबर पुण्याची दोन पोरं, डिझेल स्कॉर्पिओ. पाच नंबरला शेपटाशी माझा जोडीदार.

रोज सकाळी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, “तुमची गाडी श्वास कुठून घेते?” मग हवेच्या नळीचं तोंड बोटाने दाखवायचं आणि जमिनीपासून ते किती उंच आहे ते टेपने मोजायचं. गुरखाला कारखान्यातूनच छतापर्यंत नाक लावून येतं, त्याला स्नॉर्कल म्हणतात. बाकीच्यांचं नाक बॉनेटखाली. कंपनी थारसाठी 650 मिलिमीटर पाणी सांगते, गुरखासाठी 700. काका हे आकडे पाठ करून आलेत.

“काका, तो आकडा खरा आहे,” मी म्हणतो, “पण त्यात प्रवाह धरलेला नाही, आणि नाल्याच्या तळातले धोंडेही नाहीत. त्यातला काही भाग त्यांना देऊन टाका. उरेल तो आपला.”

काकू हसतात. काका हसत नाहीत. मला न हसणारा ड्रायव्हर बरा वाटतो.

सकाळी 6.10

निघालो. आभाळ निरभ्र आहे. मागून वायरलेसवर पोरं म्हणतात, “दादा, काय क्लास हवा आहे!” मला मात्र थोडे ढग चालले असते.

या नाल्यांचं गणित सोपं आहे. रात्री वर सगळं गोठतं, पाणी आटतं. ऊन हिमनदीवर चढलं की वितळायला सुरुवात होते आणि ते पाणी खाली रस्त्यापर्यंत पोचायला काही तास घेतं. म्हणून पाणी सगळ्यात कमी पहाटे ते सकाळी, सगळ्यात जास्त दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत. सकाळी सातला घोट्यापर्यंत असलेला नाला दुपारी चारला मांडीला लागतो. लग्नाच्या मुहूर्तासाठी पूर्वी घटिकापात्र पाण्यात सोडत, तसंच हे. ते भरून बुडालं की मुहूर्ताची वेळ व्हायची. फरक इतकाच, की इथे भटजींना थांबवून धरता येत नाही.

सकाळी 6.40

पहिला नाला. आम्ही पन्नास पावलं अलीकडेच थांबतो आणि दहा मिनिटं काहीच करत नाही. पोरांना वाटतं, दादा विचार करताहेत. खरं म्हणजे मी गाड्या थंड करतोय. ॲक्सल गरम असतात. दोन-तीन अंशांच्या पाण्यात ते एकदम बुडले की आतली हवा आकसते आणि सीलमधून, ब्रीदरमधून पाणी आत ओढून घेते. मग संध्याकाळी तेलाचा बोल्ट उघडला की दुधाच्या चहाच्या रंगाचं काहीतरी बाहेर येतं.

मी गमबूट चढवतो, काठी घेतो. काठीवर दर दहा सेंटीमीटरला लाल पट्टा आहे. नाला नेहमी चालून बघायचा. जिथून माणूस जाऊ शकत नाही तिथून गाडी न्यायची नाही, हा नियम मला एका गद्दी मेंढपाळाने शिकवला. तो दोनशे मेंढरं घेऊन नाल्याकाठी बसला होता आणि मी का बसलोय असं त्याने विचारलंसुद्धा नाही. सकाळची वाट बघणारे दोघे एकमेकांना ओळखतात.

पाणी राखाडी, साबणाच्या पाण्यासारखं. हिमनदी खडक दळते, त्याचं हे पीठ, त्यामुळे तळ दिसत नाही. पण पृष्ठभाग बोलतो. जिथे पाणी पसरट, तिथे ते बडबड करतं आणि उथळ असतं. जिथे नाला अरुंद होतो आणि गप्प होतो, तिथे खोल. एकाच जागी उभी राहिलेली लाट दिसली तर तिच्याखाली धोंडा आहे. आणि रस्त्याची खालची कड, दरीकडची, ती कधीच धरायची नाही. पाण्याने ती आतून पोखरलेली असते.

काठी सांगते: जास्तीत जास्त 35. गुडघ्याखाली. तळ दगडी, पण बसलेला. जाऊ.

सकाळी 7.10

वायरलेसवरचं माझं रोजचं कीर्तन: “काचा खाली. दारं अनलॉक. बेल्ट सोडा. फोर-लो, म्हणजे चारही चाकांना सावकाश जोर, आणि पहिला गिअर. पाण्यात शिरताना हळू, शिरल्यावर एकच वेग, भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. गिअर बदलायचा नाही, क्लचवर पाय नाही, थांबायचं नाही. माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको.”

वेग एवढाच का? या वेगाने गाडी पुढे एक लाट ढकलते. लाटेच्या मागे, बॉनेटखाली, पाण्यात खळगा पडतो आणि इंजिन त्या खळग्यात कोरडं राहतं. जोरात गेलात तर लाट फुटून बॉनेटवर येते. थांबलात तर ती परत फिरते आणि खळगा भरून टाकते. जाहिरातीत गाडी दोन्हीकडे पाण्याचे पंख उडवत जाते ना, तो नाला पार करण्याचा सगळ्यात महाग मार्ग आहे.

एक. दोन. तीन. चार. पाच. अकरा मिनिटांत पाचही पलीकडे. पुढचे दोनशे मीटर प्रत्येकाने ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं. ओले ब्रेक लागत नाहीत, ते घासून कोरडे करावे लागतात.

सकाळी 8.20

रस्ता बंद. दरड आलीय, पोकलेन काम करतंय. ऑपरेटर हाताने खूण करतो, अर्धा तास. इथला अर्धा तास किती लांब असतो ते मला माहीत आहे. मी घड्याळाकडे बघत नाही, समोरच्या डोंगरावरच्या उन्हाच्या रेषेकडे बघतो. ती बर्फाला टेकली आहे.

रस्ता दोन तासांनी सुटतो. त्यात चार नंबरच्या टायरची बाजू धारदार दगडाने चिरते. स्टेपनी चढवायला पंचवीस मिनिटं. या उंचीवर पाना फिरवतानाही धाप लागते.

सकाळी 11.20

दुसरा नाला. हा सकाळी नऊला पार व्हायला हवा होता.

काठी 50 सांगते. माझ्या डायरीत या जागेला 60 ही मर्यादा आहे. मी पाण्याच्या काठाला मुठीएवढा दगड ठेवतो आणि दहा मिनिटं बघतो. दगडाचा अर्धा भाग भिजतो. चढतंय, पण सावकाश. मी ठरवतो, जायचं. प्रत्येक गाडीला पुढच्या हुकात दोर आधीच बांधायचा, तो आत अडकल्यावर बांधायचा नसतो. नाक खाली असलेल्या चारही गाड्यांच्या तोंडावर ताडपत्री.

मी पार. दोन नंबर पार, काकांची नजर इतकी सरळ की जणू परेडला आहेत. तीन पार. चार नंबर मधोमध येतो, डावं चाक धोंड्यावर चढतं, गाडी कलते, आणि चालवणाऱ्या पोराचा पाय सवयीने क्लचवर जातो. शहरात घाबरल्यावर आपण हेच करतो. गाडी थबकते. पुढची लाट परत फिरते, बॉनेटवरून काचेपर्यंत येते. इंजिन बंद.

“चावीला हात नको!” मी वायरलेसवर ओरडतो. “हात वर! दोघंही, मला हात दिसू देत!”

हे ओरडणं मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. बावीस वर्षांपूर्वी ताम्हिणीच्या पायथ्याच्या ओढ्यात माझी जुनी जीप अशीच बंद पडली होती. मी पुन्हा स्टार्टर मारला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर यायला निघाला की कुणीतरी वाकावंच लागतं. वाकला कनेक्टिंग रॉड. ओढा गुडघाभर होता, बिल गळ्यापर्यंत आलं.

दोर ताणायचा. दोरावर जाड गोधडी टाकलेली, तुटला तर तो चाबकासारखा उडू नये म्हणून. प्रवाहाच्या खालच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही. गुरखा फोर-लोमध्ये सावकाश मागे. चार नंबर इंच इंच सरकतो, धोंड्यावरून उतरतो, काठाला लागतो. दारातून पाण्याची धार. सीटखालची चिप्सची पाकिटं आधी बाहेर येतात, मग पोरं.

मागोमाग जोडीदार पार होतो. मी मागे वळून बघतो. माझा दगड दिसत नाही.

दुपारी 12.30

एअर फिल्टरचा डबा उघडतो. कागद खालच्या कडेला ओला, पुढची नळी कोरडी. नशीब. तरी स्टार्टर नाहीच. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडर एकेकदा दाबात येतात. कुठेही अडकत नाही. मग किल्ली. धूर, खोकला, आणि सुरू.

पोरगा माझ्याजवळ येतो. “दादा, माझं चुकलं.”

“चुकलं ते माझं,” मी म्हणतो. “अकरा वाजता मी तुला पाण्यात घातलं.”

हे मी त्याचं मन राखायला बोललो नाही. दरडीपाशी दोन तास गेले तेव्हाच आजचा हिशेब बदलला होता. मी जुनाच हिशेब पुढे रेटला.

दुपारी 2.15

तिसरा नाला. छोटा दर्रा या ठिकाणाच्या अलीकडे.

इथे काठी लागत नाही, आवाज पुरेसा आहे. ‘गडम्‌’ सुरू झालंय. तरी मी चार पावलं आत जातो. मांडीला लागायच्या आधीच पाणी पाय उचलायला लागतं. परत येतो.

“आज इथेच,” मी सांगतो.

अपेक्षित गोंधळ होतो. काझाच्या हॉटेलचं बुकिंग आहे, पैसे बुडतील.

“बुडू देत,” मी म्हणतो. “पैसेच बुडू देत.”

तेवढ्यात मागून हिमाचल परिवहनची बस येते. ड्रायव्हर उतरतो, विडी पेटवतो, पाणी बघतो, पुन्हा चढतो आणि डुलत डुलत पार जातो. जाण्याआधी मी त्याच्याकडे हॉटेलसाठी चिठ्ठी देतो. इथे मोबाईलला रेंज नाही, टपाल असंच चालतं.

“बस गेली की!” चार नंबर म्हणतो.

गेली. तिचं वजन आपल्या पाच-सहा पट, तळ आपल्याहून खूप उंच, आणि ड्रायव्हर हा रस्ता उन्हाळाभर पायाखाली घालणारा. मी वाळूवर काठीने चौकोन काढून दाखवतो. आपल्या गाडीचं बूड चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद धरा. बुडाच्या वर फक्त 15 सेंटीमीटर पाणी चढलं आणि आत शिरलं नाही, तर पाणी जवळजवळ एक टन वजन उचलून धरतं. पावणेदोन टनांच्या गाडीची चाकं मग तळाला नुसती टेकलेली राहतात, रुतत नाहीत. त्यात वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. म्हणून जुने ड्रायव्हर कधी कधी दार उघडून पाणी मुद्दाम आत घेत. सीट भिजली तरी गाडी जागेवर राहते. आत्ताच्या गाड्यांची दारं इतकी घट्ट बसतात की त्या आधी होडी होतात, मग बुडतात.

काका म्हणतात, “म्हणजे गाडी चांगली असणं हाच धोका.”

“गाडी चांगली आहे म्हणून आपण जास्त आत जातो काका, तो धोका.”

2023 च्या नाताळात याच चंद्रा नदीत एकाने वाहतूक कोंडी टाळायला थार घातली होती. नदी हिवाळ्यातली, कमी पाण्याची, म्हणून निभावलं. चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी दंड केला. माझ्याकडे येणारा प्रत्येक तिसरा माणूस ती बघून आलेला असतो. दंड झाला, हे त्याला आठवत नसतं.

दुपारी 4.00

नाला दगडगोटे पसरतो त्या पंख्यापासून लांब, उंचवट्यावर तंबू. वरून दगड सुटण्याची जागा नाही ना, ते आधी बघितलं. स्टोव्हवर खिचडी. बाजूला डॉक्टर चाकांच्या बेअरिंगला हात लावून बघताहेत, गरम तर नाहीत ना.

ते विचारतात, “हे सगळं आमच्याकडच्या पुरात उपयोगी पडेल का हो?”

डॉक्टर शिरोळकडचे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी गाठते, हे तिथल्या पोरासोरांना तोंडपाठ असतं. 2019 ला आणि 2021 ला त्यांनी दवाखान्यात पाणी बघितलंय.

“नाही,” मी म्हणतो. “एकच गोष्ट उपयोगी पडेल, थांबणं. बाकी सगळं उलटं आहे. हा नाला उद्या सकाळी उतरतो, तुमचा पूर दिवसचे दिवस उतरत नाही. इथे मी तळ पायाने चाचपतो. तुमच्या फरशी पुलावर पाण्याखाली रस्ता उरलाय का, हे काठावरून कुणालाच कळत नाही. मी इथली काठी घेऊन तिथे उतरणार नाही.”

ते मान हलवतात. बेअरिंग थंड आहेत.

संध्याकाळी 6.30

पाणी कळसाला. दुपारी बस जिथून गेली तिथे आता उभी लाट आहे, बॉनेटच्या उंचीची. सगळे काठावर उभे राहून बघतात, कुणी बोलत नाही. पलीकडच्या काठावर काझाकडून आलेले दोन टेम्पो थांबलेत. त्यांच्यातला एक जण हात वर करतो, मीही करतो. तेही सकाळची वाट बघणारे.

काकू मला चहा देतात. “पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, तुम्ही फार भित्रे आहात,” त्या म्हणतात.

“आणि आता?”

“आताही तेच वाटतं. पण बरं वाटतं.”

रात्री 9.00

दिवसाचं शेवटचं काम. पाचही गाड्यांच्या ॲक्सलचा बोल्ट सैल करून बोटाला तेल लावून टॉर्चमध्ये बघायचं. चार गाड्यांचं मधासारखं. चार नंबरचं मागचं दुधाळ. उद्या काझात बदलायचं, पण धरून काढायचं. इथे सांडलेलं तेल थेट चंद्रेत जातं.

मग डायरी. गेली अकरा वर्षं मी ही ठेवतो. तारीख, आभाळ, नाला, वेळ, काठी. कुठे किती गाड्या पार केल्या याचा रकाना त्यात नाही. कुणी विचारलं की मी सांगतो, आठवत नाही. कुठे थांबलो ते मात्र सगळं लिहिलेलं आहे.

आजची नोंद:

आभाळ निरभ्र. पहिला नाला, 6.40, काठी 35, पार. दुसरा, 11.20, काठी 50, चढतं पाणी, जायला नको होतं. चार नंबर बंद, इंजिन वाचलं. तिसरा, 2.15, काठी घातली नाही, थांबलो. 6.30 ला कळस. उद्या गजर 4.00.